एकदंत, नऊ दिवस आणि 'एकनवल'

प्रश्न आलाय तो असा: 'वन-हिट वंडर'ला, म्हणजे एकाच गाण्यापुरता गाजलेल्या गायकाला किंवा बँडला, मराठीत काय म्हणावं, 'एकगीत-आश्चर्य' चालेल का, आणि नॉर्वेच्या आ-हा या बँडला त्यात धरायचं की नाही?

आधी माझी कटकट. "ते गाणं वन-हिट वंडर आहे" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले आहेत. अहो, गाणं कसं असेल? गाणं म्हणजे हिट. वंडर तो गाणारा. 'एकदंत' हा शब्द घ्या. दात एक आहे, पण एकदंत कुणी दाताला म्हणत नाही, ज्याच्या तोंडात तो आहे त्याला म्हणतात. शाळेत बहुव्रीही तोंडपाठ असलेली मंडळीही इथे हमखास घसरतात. तेव्हा 'माकारेना' वन-हिट वंडर नव्हे. ते गाणारी लोस देल रिओ ही जोडी. १९९६ मध्ये त्या गाण्याचं रीमिक्स अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याआधी तीसेक वर्षं हे दोघे स्पेनमध्ये गातच होते, ते वेगळं.

आता शब्द. 'एकगीत-आश्चर्य' नको. त्याला समितीच्या बैठकीतल्या गार चहाची चव आहे. 'वंडर'ला आपल्याकडे घरचा शब्द असताना आश्चर्य कशाला? नवल आहे ना! आणि या नवलाचं मूळ बघा: संस्कृत 'नव', प्राकृत 'णवल्ल', अर्थ नवीन. म्हणजे नवल आधी नुसतंच नवं होतं. कधी न पाहिलेलं, म्हणून मग तोंडात बोट घालायला लावणारं. 'नवलाई'त हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात.

खरी मजा पुढे आहे. संस्कृतात नऊ या आकड्यालाही 'नव'च म्हणतात. योगायोग? लॅटिनमध्ये नऊ म्हणजे 'नोवेम', नवा म्हणजे 'नोवुस'. जर्मनमध्ये 'नॉइन' आणि 'नॉय'. फ्रेंचांनी तर कमालच केली, दोन्हीला 'नफ'. आता 'अष्टौ' उच्चारून पाहा. शेवटचा 'औ' ओळखीचा वाटतो? रामौ, अश्वौ. द्विवचन! आठ हा शब्दच घडणीने द्विवचनी आहे, म्हणजे कसली तरी जोडी. दोन चौकड्या, असं मानलं तर सगळं जुळतं: चार-चारने मोजणाऱ्या आपल्या भाषिक पूर्वजांची दुसरी चौकडी आठावर संपली, आणि पुढचा आकडा आला तो नवा. म्हणून नऊ!

यावर काही भाषाशास्त्रज्ञ नाक मुरडतात. ग्रीकमध्ये नऊला 'एन्नेआ' आणि नव्याला 'नेओस' म्हणतात. आकड्याच्या तोंडाशी तो जादा 'ए' कुठून आला, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. पण एका स्वरासाठी एवढं देखणं घर पाडायला निघणाऱ्यांनी त्या द्विवचनी आठाचं काय करायचं तेही सांगावं.

हे मान्य केलं की 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण वेगळीच ऐकू येते. ते नुसतं 'न'ला 'न' जुळवणं नाही, सख्खे भाऊ शेजारी बसलेत. इंग्रजांचंही नवल नऊच दिवसांचं असतं: 'नाइन डेज वंडर'. ती म्हण १६०० साली लंडनहून नॉर्विचपर्यंत नऊ दिवस नाचत गेलेल्या विल केंप या विनोदी नटामुळे आली, असं ठोकून देणारे भेटतात. साफ चूक. इंग्रज कवी चॉसरकडे ती त्याच्या दोनशे वर्षं आधी सापडते, फक्त तिथे दिवसांऐवजी रात्री आहेत.

तर माझा शब्द 'एकनवल'. 'एकयशी' सुचवणाऱ्यांना नमस्कार. त्यात नवेपणाही नाही आणि ओसरणंही नाही. एकनवल म्हणजे ज्याचं नवल एकदाच झालं आणि ज्याचे नऊ दिवस सरले.

ही दुसरी अट महत्त्वाची. अमेरिकेतली रूढ कसोटी 'टॉप ४० मध्ये एकदाच' अशी आकडेमोडीची आहे. तिने गिटारवादक जिमी हेंड्रिक्स एकनवल ठरतो, कारण तिथल्या पहिल्या चाळिसात त्याचं एकच गाणं पोचलं, १९६८ मध्ये, तेही विसाव्या क्रमांकापर्यंत. ग्रेटफुल डेड या बँडचंही तेच. त्यांचं एकमेव गाणं १९८७ मध्ये नववं आलं. (नववं! मी काही बोलत नाही.) गिटार हातात धरणारी पोरं आजही हेंड्रिक्सपाशी अडखळतात. त्याचे नऊ दिवस कुठे सरलेत?

हां, आ-हा राहिलाच. नाही, एकनवल नाही. 'टेक ऑन मी' १९८५ मध्ये अमेरिकेत पहिलं आलं, आणि त्याच्या पुढचं 'द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही' १९८६ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये पहिलं. अमेरिकेतही ते विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं, म्हणजे आकडेमोडीनेही आ-हा सुटला. तुम्हाला त्यांचं एकच गाणं ठाऊक असेल, तर त्याला वेगळा शब्द लागेल, आणि तो बँडसाठी नसेल.