डनहॅमला येण्यापूर्वी

कॅनडातील क्यूबेक प्रांतात, डनहॅमच्या परिसरात वाइन द्राक्षांच्या बागेवर काम मिळत आहे, तर पत्नी व मुलीसह पिंपळगावहून यावे काय, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते मी पुन्हा सांगत नाही. निफाड सोडून मला अकरा वर्षे झाली, आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून मी तीच वर्षे पुन्हा मोजतो आहे.

आपल्याकडे एप्रिलची, काडी वाढवणारी खरड छाटणी झाली की ऑक्टोबरची, फळासाठीची गोडी छाटणी येते. वेलीला खरी विश्रांती अशी नसतेच. येथे ती पाच-सहा महिने निजते आणि तिचे काय उरले ते हिवाळा सरताना कळते. उणे 20 अंश सेल्सियसच्या खाली युरोपीय जातींचे डोळे, म्हणजे काडीवरच्या नवी फूट देणाऱ्या कळ्या, मरू लागतात. म्हणून मिनेसोटा विद्यापीठाने काढलेली, उणे 30 च्या खालीही टिकणारी फ्रंटेनॅकसारखी संकरित जात येथे लावतात, तर सेव्हाल ब्लांच्या वेलींना हिवाळ्याआधी मातीची भर घालून वसंतात ती काढतात. पहिल्या मार्चमध्ये गुडघाभर बर्फात उभा राहून मी ब्लेडने काडीवरचा एकेक डोळा आडवा कापायला शिकलो. आत हिरवा ठिपका असला तर डोळा जिवंत, तपकिरी असला तर मेलेला. मुख्य डोळा गेला तरी शेजारचे उपडोळे फुटतात, पण त्यांवर घड कमी येतात. शंभरांतले किती मेले ते मोजून तेवढे जास्त डोळे राखायचे आणि मगच छाटायचे. माझी कात्री मात्र निफाडच्या सवयीने आधीच चालली, आणि आखूड छाटलेल्या त्या पाच ओळींना त्या वर्षी नावापुरतेच घड आले. मे महिन्यात कोवळी फूट गोठू नये म्हणून पहाटे शेकोट्या पेटवण्याची आपली रीत तेवढी जशीच्या तशी कामास आली.

एकटेपणा असतोच, कामात दिवस जातो.

मला बोचते ते शाळेचे. 1977 च्या भाषाविषयक कायद्यामुळे येथे स्थायिक होणाऱ्यांच्या मुलांना साधारणपणे फ्रेंच शाळेतच जावे लागते. माझ्या मुलीला नवागतांच्या वर्गात बसवले. पालकसभेत फ्रेंच न समजणारे आम्ही दोघे, आणि दुभाषी म्हणून नऊ वर्षांची तीच. बाई बराच वेळ बोलल्या. "सगळं ठीक आहे म्हणतात," एवढेच तिने आम्हाला सांगितले. दोन वर्षांनी मला फ्रेंच वाचता येऊ लागले, तेव्हा कपाटातले त्या वेळचे प्रगतिपुस्तक उघडले. ती वर्गात कोणाशीच बोलत नाही आणि मधल्या सुटीत भिंतीशी उभी राहते, असे त्यात लिहिले होते. शाळेने दुभाषी बोलवायला हवा होता, हा माझा राग अजून गेलेला नाही. आणि मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले नाही, हा स्वतःवरचा रागही.

म्हणून करारावर सही करण्याआधी तुम्ही दोघांनी फ्रेंच शिकायला घ्या. बागेपुरते नव्हे, शिक्षिकेशी बोलता येईल एवढे. तुम्ही बागेचे क्षेत्र, जाती, पगार सगळे लिहिले आहे. मुलगी कितवीत आहे तेवढे लिहिलेले नाही, ते कळवा.