वडिलांची दारू कायमची सुटावी म्हणून त्यांना न कळत जेवणातून देता येईल असं औषध आहे का? ते शपथ घेऊन महिनाभर सोडतात आणि पुन्हा सुरू करतात.

मिळतं. देऊ नका. एवढ्यावरच थांबले असते, पण असली पुडी आमच्या आमटीत पडून गेली आहे, म्हणून जरा लांबण लावते.

आमच्या वन्संनी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या पुड्या आणल्या. वास नाही, चव नाही, जेवणात कालवा, पंधरा दिवसांत माणूस बाटलीकडे बघणार नाही. मला कोणी काही बोललं नाही. मी कराडला नोकरीला, ह्यांचा डबा आत्याबाई भरायच्या. मग भावकीतल्या एका हळदीला हे नेहमीसारखे बसले. अर्धा तासही झाला नसेल, तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, श्वास लागेना. दारूत भेसळ आहे म्हणून पोरं दुकानदाराला मारायला निघाली, पण त्याच बाटलीतली प्यायलेले बाकीचे ठणठणीत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे का? मी नाही म्हणाले. तेव्हा आत्याबाईंनी कनवटीची पुडी काढून टेबलावर ठेवली.

त्यात डायसल्फिराम असणार, असं डॉक्टर म्हणाले. दारू शरीरात गेली की आधी तिचं अॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे मोडतं. ही गोळी ते मोडूच देत नाही. साठलेलं विष माणसाला लोळवतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हृदय कमजोर असेल तर जीव जातो.

हे वाचले. पण घरचं जेवण सुटलं. आमटी नाही, भाजी नाही, मी केलेला चहासुद्धा नाही. केळी खायचे, नाहीतर स्वतः उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून. आणि अंगातलं औषध उतरल्यावर दारू पुन्हा सुरू, आता वर कारणही मिळालं होतं: घरचेच विष घालतात. वन्सं मात्र अजून प्रत्येक कार्यात सांगतात की आमच्या पुडीनेच दादाची सुटली. वन्सं, सुटली नव्हती, दुप्पट झाली होती. तुम्ही सासरी होता, बघायला आम्ही होतो.

सुटायला सुरुवात झाली ती ह्यांच्या डेपोतल्या एका मेकॅनिकमुळे. तो अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या, मीटिंगला जायचा. ओट्यावर बसून स्वतःचीच कहाणी सांगायचा, ह्यांना सोड म्हणून एकदाही बोलला नाही. काही दिवसांनी हेच त्याच्याबरोबर गेले. मग दवाखान्यात भरती, मग व्यसनमुक्ती केंद्रात राहणं, मग वर्षानुवर्षं मीटिंग. मध्ये स्लिपही झाली, म्हणजे एकदा पुन्हा प्यायले, पण त्याच संध्याकाळी मीटिंगला जाऊन सांगून आले. केंद्रात राहिलं की झालं, असं समजू नका. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या जुन्या, १९८६ पासूनच्या केंद्रातही मुक्काम साधारण ३५ दिवसांचाच असतो. खरी परीक्षा घरी आल्यावर, पगाराच्या दिवशी.

‘मनावर घेतलं की सुटते’ म्हणणारे चुलतसासरे आमच्याकडेही आहेत. त्यांची तंबाखू अजून सुटलेली नाही. माळ घालून सुटलेले मात्र गावात आहेत, खोटं कशाला बोलू. माळेबरोबर एकादशी येते, दिंडी येते, संध्याकाळचं भजन येतं, आणि प्यायची वेळ माणसांत जाते. मीटिंगमध्ये तरी वेगळं काय होतं?

तुमचे वडील शपथ घेतात म्हणजे सुटावी असं त्यांनाही वाटतं. मग लपवाछपवी कशाला, मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. पण सकाळपासून पीत असतील तर घरात एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, माणूस दगावतोही. ते दिवस दवाखान्यातच काढावेत, तिथे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही देतात. जवळचं केंद्र १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवर विचारता येतं. तुम्ही स्वतः अल-अॅनॉनला जा, ते घरच्यांसाठीच आहे. मी गेले नसते तर डोकं फिरलं असतं.

मी डॉक्टर नाही, आणि डायसल्फिराम वाईटच आहे असंही माझं म्हणणं नाही. मध्ये काही काळ हे तीच गोळी घेत होते. डॉक्टरांनी यकृत आणि हृदय तपासून लिहून दिलेली, रोज सकाळी स्वतःच्या हाताने, माझ्यासमोर. त्या काळात खोकल्याचं औषधसुद्धा, त्यात अल्कोहोल आहे का हे बाटलीवर वाचल्याशिवाय घेत नव्हते.

पुडी आणून ठेवली असेल तर डॉक्टरांना दाखवा. जेवणात घालून झाली असेल तर वडिलांना आजच सांगा, आणणाऱ्याच्या नावासकट. मी ह्यांना नाव सांगितलं, त्याचा वन्संना अजून राग आहे. असू दे.