वाचकांचे प्रश्न : बेस गिटारचे काम आणि जॉन डीकन

प्रश्न : माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असून महाविद्यालयाच्या बँडमध्ये चार तारांची बेस गिटार वाजवते. घरी मोबाइलवर ती बँडचे रेकॉर्डिंग ऐकवते तेव्हा तिचे वाद्य आम्हां कोणालाच ऐकू येत नाही, आणि तिचे काका दर वेळी विचारतात की, घ्यायचीच होती तर सहा तारांची गिटार का घेतली नाहीस? सध्या ती ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा बेसवादक जॉन डीकन याचे वादन सतत ऐकत असते. या वादकाने असे विशेष काय केले आहे?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी मोबाइलचे पाहू. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेपेक्षा हा स्वर एक सप्तक खाली आहे. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून हा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, त्याच्या वरचे सहायक नाद तेवढे बाहेर पडतात, आणि खालचा स्वर कानाला स्वतःच भरून काढावा लागतो. तेव्हा तेच रेकॉर्डिंग काकांना एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकवावे. आपल्याकडे मर्दानी खेळाच्या वेळी हलगीचा कडकडाट दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येतो, पण जवळ उभे राहिल्यावर तिच्याखाली चाललेले घुमके छातीत जाणवते. बँडमध्ये आपल्या मुलीकडे ते घुमक्याचे काम आहे, आणि त्याच्या जोडीला तानपुऱ्याच्या खर्जाचेही.

हे मी एकदा प्रत्यक्ष अनुभवले आहे. इथल्याच एका सरावाच्या खोलीत गाणे ऐन रंगात असताना बेसची वायर अॅम्प्लिफायरमधून निसटली. गायक आणि गिटारवादक वाजवत राहिले, परंतु ड्रमवादकाने पायाखालची फरशी सरकल्यासारखी मान वर केली आणि पुढच्या दोन आवर्तनांत लय सैल झाली. वायर पुन्हा बसताच सगळे जागेवर आले. श्रोत्यांपैकी कोणीही काय बिघडले होते हे सांगू शकले नाही. काहीतरी बिघडले होते, एवढे मात्र सर्वांना कळले होते.

आता डीकन. १९ ऑगस्ट १९५१ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे त्याचा जन्म झाला. अमेरिकन गिटारनिर्माता लिओ फेंडर याची ‘प्रिसिजन’ ही बेस गिटार त्याच वर्षी बाजारात आली, आणि पुढे डीकनच्या हातात बहुतेक वेळा तीच दिसली. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत असताना, १९७१ मध्ये, तो क्वीनमध्ये दाखल झाला. चौघांत सर्वांत शेवटी आलेला आणि वयाने सर्वांत लहान. (गायक फ्रेडी मर्क्युरीचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झाले. वाईहून पसरणीचा घाट चढताना मला दर वेळी त्याची आठवण होते.) डीकन मितभाषी होता. बँडच्या गाण्यांत मुख्य गायकाची जागा त्याने कधी घेतली नाही. रस्त्याकडेच्या कचऱ्यात मिळालेल्या एका सर्किट बोर्डापासून त्याने छोटा अॅम्प्लिफायर बनवला होता, आणि ब्रायन मे या गिटारवादकाने तो रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षे वापरला. आपली मुलगी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असल्यामुळे तिला ही गोष्ट नक्की आवडेल.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध काम म्हणजे १९८० चे ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. हे गाणे त्यानेच लिहिले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ‘शिक’ या बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या बेसचा प्रभाव त्यात उघड आहे, परंतु डीकनने केलेली काटछाट त्याची स्वतःची आहे. सर्वांत जाड तारेचा मोकळा स्वर षड्ज धरला, तर ओळ अशी चालते : मध्यम आणि कोमल गंधार यांवरून झटकन उतरून षड्जावर तीन सुटे आघात, मग रिकामी जागा, नंतर पुन्हा तीन षड्ज, कोमल गंधार, षड्ज आणि मध्यम. एवढ्यावर सगळे गाणे उभे आहे. यातला खरा अवघड भाग ती रिकामी जागा आहे, कारण मोकळी जाड तार आपोआप गुंजत राहते आणि ती नेमक्या क्षणी हाताने दाबून बंद करावी लागते. स्वर सुरू करणे पहिल्या महिन्यात येते; तो वेळेवर थांबवायला मात्र फार दिवस लागतात, आणि डीकनचा हात मला सर्वांत जास्त तिथे दिसतो.

तो कमीच वाजवत असे, असा समज मात्र करून घेऊ नये. १९७६ च्या ‘द मिलियनेअर वॉल्ट्झ’मध्ये तीन-तीन मात्रांच्या चालीवर पियानोच्या सोबतीने त्याचा बेस दुसऱ्या गायकासारखा वरखाली फिरतो. पत्नीसाठी लिहिलेल्या ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’मध्ये इलेक्ट्रिक पियानोही त्यानेच वाजवला आहे. फ्रेडीचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन झाले, त्यानंतर डीकन मोजक्याच वेळा मंचावर आला, आणि १९९७ नंतर त्याने संगीताच्या व्यवसायातून पूर्ण निवृत्ती घेतली. इतक्या मोठ्या बँडमध्ये राहून इतक्या शांतपणे बाजूला होणारा वादक माझ्या तरी माहितीत दुसरा नाही.

प्रश्न : ‘अंडर प्रेशर’ची बेसची ओळ नक्की कोणाची? आणि नवशिक्याने तिचा सराव कसा करावा?
— एक विद्यार्थी, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : हे गाणे १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे क्वीन आणि इंग्लिश गायक डेव्हिड बोवी यांनी मिळून केले, आणि त्याचे श्रेय पाचही जणांच्या नावे आहे. बेसच्या ओळीबद्दल मात्र त्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. ब्रायन मे आणि क्वीनचा ड्रमवादक रॉजर टेलर यांनी ती डीकनची म्हटली आहे, तर खुद्द डीकनने एकदा बोवीचे नाव घेतले होते. जेवायला बाहेर जाऊन परतेपर्यंत डीकन ती विसरून गेला होता, अशीही हकिकत बँडकडून सांगितली जाते. माझे मत विचाराल तर मी मे आणि टेलर यांच्या बाजूने आहे, कारण इतक्या कमी स्वरांवर भरवसा ठेवण्याची डीकनची सवय इतर गाण्यांतही दिसते.

ओळ सात स्वरांची आहे : सहा वेळा षड्ज आणि शेवटी मंद्र पंचम. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मूळ लयीच्या निम्म्यावर लावावा, तार छेडणाऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट आलटून पालटून वापरावे, आणि रेकॉर्ड करून फक्त सहा षड्ज ऐकावेत. बहुतेकांचा तिसरा आणि पाचवा षड्ज हलका पडतो. ते दोन सारख्या वजनाचे होईपर्यंत लय वाढवू नये.