अफवा, कायदा आणि सरकार : वाचकांचे प्रश्न

समाजमाध्यमांवरील खोट्या मजकुराविषयी तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत आहेत, म्हणून चार प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देतो.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर तीन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे सरकारने संदेश वाचला, हे खरे का?

नाही, ही निव्वळ अफवा आहे, पुढे पाठवू नका.

प्रश्न : गटात कोणी आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर ॲडमिन म्हणून मी दोषी ठरतो का?

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. समान उद्देश किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय ॲडमिनवर जबाबदारी येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. तरीही पोलिसांची नोटीस आली असेल, तर उत्तर देण्यापूर्वी ती वकिलांना दाखवा.

प्रश्न : अफवांनी माणसे मरतात. मग खोटे काय, हे सरकारनेच ठरवून ते का हटवू नये?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्यामुळे तुमची तळमळ मला पूर्ण मान्य आहे. परंतु भीती किंवा वैर पसरवणाऱ्या अफवेसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ आज उपलब्ध आहे. उणीव आहे ती अफवा उठताच गावागावांत खुलासा पोहोचवण्याच्या तत्परतेची, आणि हा विलंब नव्या अधिकारांनी भरून निघत नाही.

संदिग्ध अधिकाराचे काय होते, हे आपण पालघरला पाहिले आहे. २०१२ मध्ये तेथील दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या प्रकरणात वापरलेले, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेशांना गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. पुढे माहिती तंत्रज्ञान नियमांतील एप्रिल २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार केंद्रानेच नेमलेल्या तथ्य तपासणी कक्षाला मिळणार होता आणि असा मजकूर ठेवणाऱ्या समाजमाध्यमाचे, वापरकर्त्यांच्या मजकुरासाठी जबाबदार न धरले जाण्याचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. ज्याच्या कारभारावर टीका आहे, त्यानेच टीकेचा खरेखोटेपणा ठरवायचा, हा न्याय कसा? मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर ती तरतूद रद्द झाली.

नियमन हवेच, पण निर्णय स्वतंत्र यंत्रणेचा असावा, कारणे लेखी मिळावीत आणि अपिलाची वाट खुली असावी. सरकारने आपला खुलासा तातडीने आणि पुराव्यासह जरूर द्यावा. प्रतिवाद हटवण्याचा हक्क मात्र मागू नये.

प्रश्न : माझ्या दवाखान्याविषयीची खोटी पोस्ट पैसे घेऊन काढून देतो, असे एक एजन्सी म्हणते. पैसे द्यावेत का?

देऊ नका. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि तक्रार करण्यासाठी शुल्क लागत नाही. पोस्टची लिंक व तारखेसह स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा आणि त्या माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा तक्रारीची पोच २४ तासांत मिळायला हवी. निर्णय अमान्य असल्यास ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येते. बदनामीचा दावा करायचा की नाही, हे कागदपत्रे पाहिलेल्या वकिलांनाच विचारा. मात्र महिनाभर थांबून पोस्ट नाहीशी झाल्यावर जाऊ नका.