जिल्ह्याचा अंदाज आणि आपल्या गावचा पाऊस

प्रश्न : आमच्या गावाच्या (ता. नरखेड, जि. नागपूर) व्हॉट्सअ‍ॅप गटावर जिल्ह्याचा हवामान अंदाज येतो. लोक म्हणतात, पाऊस सांगितला आणि पडलाच नाही. ग्राम कृषी विकास समितीने पेरणीचा सल्ला कशाच्या भरवशावर द्यावा? – एक महिला सरपंच

उत्तर : ताई, गटावर नुसते 'उद्या पाऊस' असे टाकत असाल तर ते आधी थांबवा. हवामान खात्याच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी' लिहिले असेल, तर जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात पाऊस अपेक्षित असतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला भिवापुरात पडला आणि नरखेड कोरडे राहिले, तरी तो अंदाज चुकला असे होत नाही. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे पाऊणाहून जास्त भागात. हे शब्द जसेच्या तसे पुढे पाठवा.

पेरणीला मात्र अंदाजाआधी पडून गेलेला पाऊस पाहायचा. मृग लागला म्हणून सोयाबीन-कपाशीची घाई नको. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन ओल खोल गेली पाहिजे. बरड जमीन लवकर सुकते, तिथे तर थांबाच. दुबार पेरणीत बियाण्याची बॅग जाते, मजुरी जाते आणि हंगामही मागे पडतो. पावसाचा हा आकडा नागपूर शहराचा धरू नका. तुमच्या महसूल मंडळातल्या महावेध केंद्राची (स्वयंचलित हवामान केंद्राची) नोंद कृषी सहायकाला विचारा. पण एका मंडळात अनेक गावे येतात, म्हणून माझा खरा आग्रह गावच्या पर्जन्यमापकाचा आहे. झाड-भिंतीपासून दूर, उघड्यावर बसवा. रोज सकाळी साडेआठलाच मोजा, कारण हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळेला धरतात. आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. स्वतःच्या गावात मोजलेला पाऊस लोक मानतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे.

कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, तिच्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. फवारणी, खताचा हप्ता आणि ओलित त्यावर ठरवा. एप्रिलमधला मोसमाचा अंदाज देशाच्या सरासरीचा असतो. त्यावरून पेरणीचा दिवस काढू नका. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' अ‍ॅप वावरात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या.

नोंदवही पहिल्या सरीपासून सुरू करा. पुढे पावसाचा खंड पडला, तर किती दिवस कोरडे गेले ते तिच्यात दिसेल आणि विहिरीचे पाणी संत्र्याला आधी द्यायचे की कपाशीला, हे समितीला वेळेत ठरवता येईल.