जॅनेट प्रोटासेविट्झ विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाआधी किती निवडणुका लढल्या होत्या?

एकूण तीन, आणि त्यांतली पहिली त्या हरल्या होत्या. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात न्यायाधीश जनतेच्या मतांनी निवडले जातात आणि मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते. मिलवॉकीत पंचवीसहून अधिक वर्षे सरकारी वकील असलेल्या प्रोटासेविट्झ 2013 मध्ये तेथील काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) न्यायालयाच्या जागेसाठी उभ्या राहिल्या, पण राज्यपालांनी आधीच त्या जागी नेमलेल्या रिबेका ब्रॅडली यांनी त्यांचा पराभव केला. 2014 मध्ये दुसऱ्या जागेवर त्या बिनविरोध आल्या. सहा वर्षांनी, 2020 मध्येही तेच घडले. म्हणजे चुरशीची लढत जिंकण्याचा अनुभव गाठीशी नसतानाच त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या राहिल्या. 4 एप्रिल 2023 रोजी त्यांनी माजी न्यायमूर्ती डॅनियल केली यांना सुमारे अकरा टक्क्यांच्या फरकाने हरवले, आणि ज्यांच्याकडून त्या दहा वर्षांपूर्वी हरल्या होत्या त्या ब्रॅडली त्याच पीठावर त्यांच्या सहकारी झाल्या.

प्रचारात त्यांनी राज्यातील मतदारसंघांची आखणी पक्षपाती असल्याचे उघडपणे म्हटले होते. न्यायालयात येऊ शकणाऱ्या विषयावर उमेदवाराने असे बोलणे मला योग्य वाटत नाही, मग ते मत कितीही पटणारे असो. डिसेंबर 2023 मध्ये न्यायालयाने ती आखणी 4 विरुद्ध 3 मतांनी घटनाबाह्य ठरवली. बहुमतात त्याही होत्या.