वाचकांचे प्रश्न : ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन का अडखळते?

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९९६ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आजही आमच्या रोजच्या वापरात आहे. गेल्या काही महिन्यांपासून सिग्नलवरून निघताना ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन क्षणभर दम तोडते, हलका झटका बसतो आणि मग गाडी व्यवस्थित उचलते. आयडलिंग स्थिर आहे, साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाटही ती विनातक्रार चढते. प्लग आणि पेट्रोल फिल्टर बदलले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला. तरी फरक पडला नाही. आता गॅरेजमध्ये कार्ब्युरेटरच बदलायला सांगत आहेत. तो खर्च करावा का? की हा इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा परिणाम आहे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कार्ब्युरेटर एवढ्यात बदलू नये. आपण घाटाचा उल्लेख केला हे फार बरे झाले, कारण निदानाचे निम्मे काम त्यानेच होते. चढावर इंजिनाला सतत भरपूर पेट्रोल लागते आणि ठिणगीचीही कसोटी लागते. तिथे गाडी मिसिंग करत नसेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) आणि ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही. दोष आहे तो थ्रॉटल, म्हणजे पेडल दाबताच उघडणारी कार्ब्युरेटरमधली झडप, उघडण्याच्या त्या एका क्षणात.

त्या क्षणी नेमके काय होते ते पाहू. थ्रॉटल उघडताच हवा एकदम आत धावते, पण पेट्रोल तिच्याइतक्या चपळाईने येत नाही. शिवाय आलेल्या पेट्रोलचा काही भाग मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या) भिंतींना चिकटून राहतो, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण क्षणभर पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये एक छोटा ॲक्सिलरेटर पंप असतो, जो पेडल दाबताच पेट्रोलची एक पिचकारी मारतो. माझा पहिला संशय या पंपावर आहे.

तत्पूर्वी एक बिनखर्चाची चाचणी करावी. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर चोक अगदी थोडा ओढून मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. चोक हवा अडवून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो, म्हणून अडखळणे कमी झाले, तर मिश्रण पातळ पडत आहे हे नक्की. फरक पडला नाही किंवा त्रास वाढला, तर दोष ठिणगीच्या बाजूला शोधावा.

मिश्रण पातळ ठरल्यास इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे आणि उघड्या जागेत, जवळपास कोणतीही ज्योत नसताना, एअर क्लीनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात टॉर्चने पाहावे. थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन फिरवला, की बारीक नळीतून पेट्रोलची सलग धार त्याच क्षणी उडाली पाहिजे. धार उशिरा आली, तुटक आली किंवा नुसते थेंब ओघळले, तर पंपाचा रबरी भाग कडक झाला आहे, नळी तुंबली आहे किंवा आतली झडपेची गोळी अडकली आहे. कार्ब्युरेटर साफ करताना ही गोळी हरवण्याचे प्रकारही घडतात, म्हणून सफाईनंतर त्रास वाढला का, हे आठवून पाहावे. या सर्वांवर उपाय एकच : पॅकिंग आणि रबरी भागांचा दुरुस्ती संच, आणि तो शांतपणे बसवणारा मेकॅनिक.

चोकने फरक पडला नाही, तर प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे वळावे. त्याच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ अलीकडे आणणाऱ्या यंत्रणेची) नळी कार्ब्युरेटरच्या टोकाकडून काढून तोंडाने ओढावी. टोपणाखालची प्लेट हलली पाहिजे आणि नळीच्या टोकावर जीभ ठेवल्यास ती तिथेच थांबली पाहिजे. ती हललीच नाही किंवा लगेच मागे आली, तर आतला पडदा फाटलेला असू शकतो. पॉइंटचे (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांचे) अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवावे. त्याच वेळी प्लेटला जोडलेली बारीक वायर बोटांनी चाचपावी. प्लेट वर्षानुवर्षे मागेपुढे हलत राहिल्याने तिचे तांबे आवरणाच्या आत तुटत जाते, बाहेरून मात्र वायर धडधाकट दिसते. आयडलवर जोड टिकतो आणि थ्रॉटल उघडून प्लेट सरकली, की क्षणभर सुटतो. हा दोष मेकॅनिकच्या नजरेतून सर्रास निसटतो, म्हणून तो मुद्दाम सांगत आहे.

इथेनॉलविषयीची आपली शंका अंशतः रास्त आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला साधारण १३.५ पट. नव्या गाड्यांचा संगणक हा फरक सांभाळून घेतो. आपल्या कार्ब्युरेटरचे जेट ठरावीक मापाचे असल्याने मिश्रण थोडे पातळच राहते. पंप आधीच दुबळा असेल, तर ही तूट लगेच जाणवते. जुन्या रबरालाही इथेनॉल मानवत नाही, तेव्हा संच बसवताना पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घ्याव्यात. मिश्रणाचा स्क्रू फिरवून हा झटका जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये, कारण त्याचा प्रभाव मुख्यतः आयडलिंगपुरता असतो.

पिचकारी जोमदार असेल आणि डिस्ट्रिब्युटरही निर्दोष ठरला, तर थ्रॉटलची झडप जिच्यावर फिरते ती दांडी बोटांनी आडवी हलवून पाहावी. ती आपल्या भोकात स्पष्टपणे खडखडत असेल, तर तिथून हवा शिरते आणि ती झीज पॅकिंग बदलून जात नाही. त्या स्थितीत कार्ब्युरेटर बदलण्याचा गॅरेजचा सल्ला मी योग्य मानेन. नवा घेताना मात्र स्वस्त नकली कार्ब्युरेटर टाळावा. त्यापेक्षा आपल्याच कार्ब्युरेटरला लेथवर दांडीच्या भोकात नवे बुश (धातूची छोटी नळकांडी) बसवून मिळत असतील, तर मी तो मार्ग आधी निवडेन.